वहीबाहेरचं बोलणं

आमच्या गावच्या मंडळाची एक ठराववही होती. ती मी सतरा वर्षं लिहिली. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं, अक्कल चांगली म्हणून नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणायचे, रमाकांत एवढा समजूतदार माणूस, त्याच्या हातून असं कसं झालं? झालं. माझ्याच हातून झालं.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नव्हे. घोडपदेवला एका चाळीत दुसऱ्या माळ्यावर दहा बाय बाराची खोली आणि पटावर अठ्ठावीस नावं. सगळे आमच्या गावचे, बहुतेक सगळे गिरणीत, बायकामुलं गावाला. एका पाळीची माणसं कामावर गेली की दुसऱ्या पाळीची तिथेच आडवी व्हायची. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, खाली फळी, फळीवर लाल फडक्यात बांधलेली वही. महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक. कुशाबातात्या अध्यक्ष, मी चिटणीस. जमिनीची हद्द असो, भावाभावांची मारामारी असो, नवऱ्याने टाकलेली बायको असो, सगळं या खोलीत यायचं आणि तिथल्या तिथे मिटायचं. आमच्या गावाने कधी कोर्टाची पायरी चढलेली नव्हती, आणि त्याची आम्हाला कोण मिजास!

वहीचा एक नियम होता. तंटा लिहायचा नाही, निकाल लिहायचा. कोण कोणाला काय बोललं, कोणी काय कबूल केलं, कोण कोणाच्या पाया पडलं, हे खोलीत व्हायचं आणि खोलीतच राहायचं. वहीत दोन ओळी. तात्या म्हणायचे, "भांडाण आज आसा, उद्या नाय. वहीत घातलास तर नातवंडा वाचतली." मला यात फार मोठेपणा वाटायचा. डोक्याला पट्टी बांधलेला माणूस समोर बसलेला असायचा आणि मी वळणदार अक्षरात लिहायचो, "किरकोळ गैरसमज दूर झाला." वर शाबासकी मिळायची.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. दोन-तीन महिन्यांत खोली रिकामी झाली, जो तो गावाला गेला. मी राहिलो, कारण भायखळ्याच्या भाजी मार्केटात गोणी उतरवायचं काम मिळालं. माझ्याबरोबर त्याच कामावर दौलत राहिला. दौलत हा आमच्या मंडळातल्या गुणाजीचा पुतण्या, पंचविशीतला, आमच्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. भजनात पखवाज वाजवायचा. बसायचा मान खाली घालून, कोणी चढ्या आवाजात बोललं की गडबडून जायचा. त्याला राक्षस करून सांगायची माझी इच्छा नाही. राक्षस असता तर आम्ही वेळेवर ओळखला असता.

आम्ही दोघं जेवायला लक्ष्मीवहिनींकडे जायचो. त्याही आमच्याच गावच्या, वरच्या वाडीच्या. नवरा कापसाच्या खात्यात छाती पोखरून गेला, तेव्हापासून समोरच्या चाळीत त्यांची खाणावळ. मुलगी सुभद्रा वीस वर्षांची, सातवी शिकलेली, चाळीस माणसांच्या भाकऱ्या एकटी थापणारी. संपात चाळिसाची नऊ ताटं झाली तरी वहिनींनी चूल बंद केली नाही. सुभद्रा फटकन बोलायची. "काका, आमटीत डाळ शोधा. सापडली तर मला पण दाखवा." सगळे हसायचे. दौलत तेवढा ताटात बघत राहायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी आमटी ओरपत होतो.

श्रावणात एका सकाळी वहिनी आमच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या. बायका खोलीत येत नसत, तशी पद्धत होती. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "भावजी, बैठक लावा. दौलतने माझ्या पोरीला लग्नाचा शब्द दिला, आणि त्या शब्दावर..." मग म्हणाल्या, "चैत्रापासून चाललंय. मला काल कळलं."

पुढच्या रविवारी बैठक लागली. गावाला गेलेले सोडून आम्ही सात जण. गुणाजी लालबागहून आला. वहिनी आणि सुभद्रा बाहेर गॅलरीत बसल्या आणि दरवाजा ओढून घेतला. तात्यांनी दौलतला सरळ विचारलं, "शब्द दिलंस?"

"दिला."

"मगे लगीन कर. ह्येच्यात बैठक कसली?"

दौलत रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, गुडघ्यात डोकं घालून. तेव्हा गुणाजी खाकरला आणि म्हणाला, "ता कसा जमतला, तात्या? तेची सुपारी फुटलेली आसा. शिमग्याक. मीच गेललंय."

आमच्यात सुपारी फुटणं म्हणजे लग्न ठरणं. पाच माणसांदेखत सुपारी फुटली की ती मुलगी त्या घरची झाली. मग अक्षता कधी पडतात एवढाच प्रश्न. शिमगा फाल्गुनात. म्हणजे दौलत गावाला जाऊन एका मुलीची सुपारी फोडून आला होता आणि महिन्याच्या आत इथे येऊन सुभद्राला शब्द देऊन बसला होता.

मी विचारलं, "सुभद्राला माहीत आहे?"

त्याने मान हलवली. नाही.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ती हो म्हणाली नसती, काका."

हे वाक्य सात माणसांनी ऐकलं. तात्यांनी कपाळावर हात मारला. गुणाजीने खिडकीबाहेर बघितलं. पुढे सहा वर्षांनी एका वकीलबाईंनी मला समजावून सांगितलं की अख्खा खटला त्या एका वाक्यावर उभा राहिला असता. त्या दिवशी मात्र आम्ही फक्त एवढंच ठरवलं, की हे बाहेर जाता कामा नये. गावाकडच्या मुलीची बेअब्रू, इथल्या मुलीची बेअब्रू, दोन वाड्यांत वैर. तात्या म्हणाले, "गुणाजी, ती सुपारी मोडूची. कशी मोडतंस ता तू बघ." गुणाजी म्हणाला, "बघतंय." मग लग्न कधी? संपात कोण लग्न करतो? दिवाळीपर्यंत संप मिटेल असं तेव्हा सगळेच म्हणत होते. तात्या म्हणाले, "संप मिटल्यार. लिही रे, रमाकांता."

मी लिहिलं: "चि. दौलत व चि. सौ. कां. सुभद्रा यांचा विवाह उभयतांच्या स्वखुशीने ठरला असून, गिरणी कामगारांचा संप मिटल्यावर तो करण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले."

'स्वखुशीने' हा शब्द माझा. तात्यांनी सांगितला नव्हता. मला वाटलं, उद्या कोणी वही उघडली तर पोरीवर शिंतोडा नको. कोणी जबरदस्तीने गळ्यात बांधली असं वाटायला नको. लिहिल्यावर मी तो शब्द दोनदा वाचला. खरंच सांगतो, मला तो फार आवडला होता.

दरवाजा उघडून मी ठराव वाचून दाखवला. वहिनींनी देवीच्या फोटोकडे बघून हात जोडले. दौलतने सही केली, गुणाजीने केली, मग उंबऱ्यावर वही धरून वहिनींचा अंगठा आणि सुभद्राची सही घेतली. पेन परत देताना सुभद्रा म्हणाली, "एवढा वेळ आत काय चाललं होतं? अजून काय बोलणं झालं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "ठरलं ना? मग झालं तर."

त्या दिवसापासून दौलत त्या घरचा जावई झाला. लपूनछपून यायचा तो राजरोस यायला लागला. वहिनी त्याला आधी वाढायच्या. दुपारी त्या बाजारात गेल्या की तो तिथेच असायचा, आणि चाळीत कोणी नाक मुरडलं तर वहिनीच सांगायच्या, "मंडळाच्या वहीत लिहिलंय त्यांचं." आमच्या वहीनेच त्याला दार उघडून दिलं. त्यात खोटं कुठेच नव्हतं, म्हणून तर ते इतकं पक्कं बसलं.

दिवाळी गेली. संप मिटला नाही. त्र्याऐंशीच्या गुढीपाडव्यानंतर माझ्या बायकोचं, दुर्गाचं, गावाहून पत्र आलं. इकडचं तिकडचं लिहून शेवटी एक ओळ होती: गुणाजीभावजींच्या घरून दौलतच्या ठरलेल्या मुलीला पाडव्याची साडी गेली. म्हणजे सुपारी मोडलीच नव्हती. मी दुसऱ्या दिवशी मार्केटात कोबीच्या गोणींआड दौलतला धरला.

"काय रे, ती साडी कसली?"

त्याचा चेहरा उतरला. "काका, चुलते ऐकत नाहीत. गावाला सगळं त्यांच्याच हातात आहे. मी काय करू?"

"सुभद्राला सांग मग."

"सांगतो. संप मिटू दे ना, काका. तेव्हा काय ते एकदमच होऊन जाईल."

मी पुढची गोण पाठीवर घेतली. जाऊन तिला सांगायचं, एवढं सोपं काम होतं. खाणावळ तर रोजचीच, ती रोज समोर यायची, रोज विचारायची, "काका, अजून एक भाकरी?" मी रोज एक भाकरी घ्यायचो आणि गप्प बसायचो. निस्तरतील त्यांचं ते, मी मध्ये पडून वाईट कशाला होऊ, असं मी स्वतःला सांगायचो. भित्रा माणूस स्वतःला शहाणा म्हणवतो तो असा.

चौऱ्याऐंशीत सुभद्राला दिवस गेले. दौलत म्हणाला, संप मिटला नाही, आत्ता कुठे लग्न, लोक मोजतील. परळला एका डॉक्टरीणबाईंकडे तिला घेऊन गेला. परत आली ती टॅक्सीतून, आणि आठवडाभर भाकऱ्या वहिनींनी थापल्या. आम्हाला सांगितलं, कावीळ झालीय. सगळ्यांना खरं माहीत होतं. मी तिच्यासाठी मार्केटातून चार मोसंबी नेली आणि वहिनींच्या हातात दिली, तिच्याकडे बघितलं नाही.

तोवर संपाचं काय झालं हेही कोणाला धड सांगता येत नव्हतं. काही गिरण्या उघडल्या, काहींना कुलपं लागली. आमची उघडली, पण आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांना आत घेतलं नाही. त्यात मीही होतो आणि दौलतही. दौलत भिवंडीला पॉवरलूमवर जायला लागला. संप मिटला असं कधी कोणी उभं राहून जाहीर केलं नाही. मग लग्नाची तारीख कुठल्या दिवसापासून मोजायची?

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात दौलत घर शाकारायचं म्हणून गावाला गेला आणि जूनमध्ये बायको घेऊन परत आला. तीच, सुपारीवाली. भिवंडीला खोली घेतली होती, घोडपदेवला फिरकलाही नाही. बातमी मीच वहिनींना सांगितली, कारण कोणीतरी सांगायलाच हवी होती. वहिनी चुलीपुढे मटकन बसल्या. सुभद्रा पीठ मळत होती. तिने पीठ मळून पूर्ण केलं, हात धुतले, साडी बदलली आणि एकटी पोलीस चौकीत गेली.

गावच्या इतिहासात पहिल्यांदा कोणीतरी चौकीत गेलं होतं, आणि तीही बाई. पहिल्या दिवशी तिची तक्रार कोणी घेतली नाही. मग ठाकूरद्वारला बायकांसाठी काम करणारी एक संस्था होती, तिथल्या वकीलबाई तिच्याबरोबर गेल्या तेव्हा गुन्हा लिहिला गेला: लग्नाचं खोटं आमिष दाखवून फसवणूक आणि बलात्कार. दौलतला अटक झाली, जामीन झाला. आणि पोलीस आमच्या खोलीवर वही न्यायला येणार असं कळलं.

आदल्या दिवशी तात्यांनी मला बोलावलं. गुणाजी होताच. तात्या म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. "पोलीस इचारतले, आत काय बोलणा झाला. वहीत आसा ताच खरा. वहीच्या भायर एक शब्द सांगू नको."

"तात्या, पण पोरीची बाजू..."

"पोरीन गाव चवाट्यार आणलान. आता तू आणू नको. आणलंस, तर गावात तुझ्या घराक कोण पाणी दिवचो नाय. विचार कर. चेडू लग्नाचा झाला मा तुझा?"

वाळीत टाकणं काय असतं ते मी लहानपणी एका घराचं बघितलं होतं. त्यांच्याकडे म्हातारी गेली तेव्हा खांदा द्यायला चौघं मिळाले नाहीत, मुलगा आणि जावई ओढत घेऊन गेले. माझी थोरली एकोणीस वर्षांची होती, स्थळं येत होती. माझ्या मुलीचं लग्न व्हावं म्हणून मी दुसऱ्याच्या मुलीचा गळा दाबला. याला दुसरा शब्द असेल तर मला माहीत नाही.

पोलिसांनी जबाब घेतला. मी सांगितलं, "ठरावात लिहिलंय ते खरं. त्याशिवाय काही बोलणं झाल्याचं मला माहीत नाही." खाली सही केली. वळणदार.

दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. मग दौलतच्या वकिलाने हायकोर्टात अर्ज केला, की हा गुन्हाच होत नाही, तो रद्द करावा. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत सुनावणी होती. तिच्या चार दिवस आधी दुपारी सुभद्रा खोलीवर आली. मी एकटाच होतो. ती उंबऱ्यावर थांबली नाही. सरळ आत आली आणि सतरंजीवर बसली. सव्वीस वर्षांची झाली होती. ते हसणं वगैरे कुठेच उरलं नव्हतं. वहिनींची खाणावळ बंद पडली होती, कारण गावचं कोणी जेवायला जात नव्हतं. मीही जात नव्हतो.

"काका, वकीलबाई म्हणतात, मागाहून शब्द फिरवला तर तो गुन्हा नाही. शब्द देतानाच त्याच्या मनात खोट होती, हे दाखवावं लागतं. तसं कागदावर काहीच नाही. वहीत सगळं चांगलंच लिहिलंय."

मी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

"त्या दिवशी तुम्ही अर्धा-पाऊण तास आत होतात. मी गॅलरीत होते. तो रडताना मला ऐकू येत होता. कशाला रडत होता तो? लग्न ठरलं म्हणून कोणी रडतं का?"

"खूप दिवस झाले, सुभद्रा."

"त्याची आधीच सुपारी फुटली होती, असं गावाकडून कानावर आलंय. पण सांगायला कोणी उभं राहत नाही. तुम्हाला माहीत असेल तर तसं लिहून द्या. बाई म्हणतात, एवढ्या एका कागदावर खटला टिकेल." मग म्हणाली, "मला त्याच्याशी लग्न नको. त्याला किती वर्षं शिक्षा होते, तेही मला नको. मला फक्त एकदा त्या पिंजऱ्यात उभं राहून सांगायचंय. चाळीत, गावात, सगळे म्हणतात मी स्वखुशीने गेले. मला सांगायचंय, मला खरं माहीत असतं तर मी गेले नसते. खटला चालला तर मला विचारतील. रद्द झाला तर कोणी विचारणारच नाही."

त्याच आठवड्यात माझ्या थोरलीचं जमलं होतं. तात्यांच्या भाच्याकडे. सुभद्रा माझ्याकडे बघत होती, आणि मी फळीकडे बघत होतो, जिथे आता वही नव्हती, पोलिसांकडे जमा होती. मी म्हटलं, "वहीत आहे तेच, पोरी. दुसरं काही झालं नाही."

ती "बरं" म्हणून उठली.

सुनावणीला मी का गेलो, ते मलाही नीट सांगता येणार नाही. तात्या आणि गुणाजी जाणार होते, त्यांनी चल म्हटलं, मी गेलो. फोर्टातली ती दगडी इमारत, उंच छत, काळे कोट. आम्ही मागच्या बाकावर बसलो. पलीकडच्या टोकाला सुभद्रा आणि वहिनी. सुभद्राने इस्त्रीची साडी नेसली होती, केस घट्ट बांधले होते. कोणी बोलावलं तर लगेच उठता यावं म्हणून ती बाकाच्या अगदी कडेला बसली होती. दौलत पुढे वकिलाच्या मागे उभा होता, मान खाली.

सगळं इंग्रजीत चाललं होतं. दौलतच्या वकिलाने आमच्या वहीच्या पानाची टाइप केलेली नक्कल वर दिली. त्यातला 'स्वखुशीने' हा शब्द त्याने आधी मराठीत उच्चारला, मग त्याचं इंग्रजी केलं. त्या उंच खोलीत माझा शब्द मला ऐकू आला. मग न्यायमूर्तींनी सरकारी वकिलाला काहीतरी विचारलं. त्यांनी कागद चाळले, पुन्हा चाळले, आणि मान हलवून 'नो विटनेस' असं काहीसं म्हणाले. एवढं इंग्रजी मलाही कळत होतं. साक्षीदार मागच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याने नुसतं उभं राहायचं होतं. तो उभा राहिला नाही.

न्यायमूर्ती शांतपणे बोलत राहिले. खाली बसलेला माणूस ते भराभर लिहून घेत होता. वीस मिनिटंही झाली नसतील. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला, दुसरे काळे कोट पुढे सरकले. सुभद्रा बाकाच्या कडेला तशीच बसली होती. शिपाई तिला म्हणाला, "बाई, तुमचं झालं." तरी ती वकीलबाईंकडे बघत होती.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई तिला सांगत होत्या, आणि आम्ही चार पावलांवर होतो, म्हणून मलाही ऐकू आलं. "कोर्ट म्हणतं, शब्द गावच्या लोकांसमोर दिला, तुझी सही आहे, आईचा अंगठा आहे, स्वखुशीने असं लिहिलंय. शब्द दिला तेव्हा तो खोटा होता असं सांगणारा एकही माणूस नाही. लग्न संप मिटण्यावर ठेवलं होतं, संप लांबला, माणूस फिरला. हे वाईट आहे, पण गुन्हा नाही. म्हणून खटला रद्द."

"मग माझं कधी विचारणार?" सुभद्रा म्हणाली.

वकीलबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता नाही विचारणार गं. संपलं ते."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. आणि इकडे गुणाजीने माझा हात हातात घेतला. "रमाकांता, वहीन गावाची अब्रू राखल्यान." तात्या समाधानाने मान डोलावत होते. दौलत जिन्याकडे बघत उभा होता, कधी एकदा निघतो असं त्याला झालं होतं. मी गुणाजीचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा मला असला राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेही कळेना. मी सुभद्रासमोर जाऊन उभा राहिलो आणि तोंडातून भडाभडा निघालं.

"सुपारी फुटली होती, सुभद्रा. शिमग्याला. गुणाजीने बैठकीत सांगितलं. मी दौलतला विचारलं, तिला का नाही सांगितलंस, तर म्हणाला, सांगितलं असतं तर ती हो म्हणाली नसती. मी ऐकलं. आम्ही सातही जणांनी ऐकलं. मला सगळं माहीत होतं."

व्हरांड्यात लोक थांबून बघायला लागले. तात्या मागून ओरडले, "रमाकांता!" वकीलबाईंनी हातातली फाइल छातीशी धरली होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं असतंत तर आजचा अर्ज टिकलाच नसता."

"वहीत नव्हतं ते," मी म्हटलं.

सुभद्रा रडली नाही. तिने आईच्या दंडाला धरून तिला उभं केलं, पदर नीट केला, मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही; भाकरी हवी का विचारताना बघायची तसं.

"हे आत बोलायचं होतं, काका," ती म्हणाली. "आत एक माणूस लिहून घ्यायला बसला होता."